जाळ्यात आलेलं प्लास्टिक आम्ही परत पाण्यात टाकतो

माननीय पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मुंबईतल्या वेसाव्याची, म्हणजे वर्सोव्याची कोळीण. आमची बोट डोल जाळ्याची. भरती-ओहोटीच्या ओढीत बांधून ठेवलेलं हे जाळं पाण्याबरोबर येईल ते पोटात घेतं. बोंबील, मांदेली, जवळा यावा ही अपेक्षा. पण खोला, म्हणजे जाळ्याचं शेपूट, सोडला की आधी घरंगळतात त्या दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं. जवळा निवडणं तर नकोच. ओला जवळा आणि पातळ पिशवीचा तुकडा हाताला सारखाच लागतो. निवडेपर्यंत माल मऊ पडतो, मग भावही पडतो.

आता रागावू नका. हे प्लास्टिक आमचे खलाशी बरेचदा तिथेच पाण्यात सोडून देतात. बोटीत जागा बर्फाला आणि मासळीला. बंदरावर आणलं तरी घेणारं कोणी नाही. तीच पिशवी उद्या शेजारच्या नाखव्याच्या जाळ्यात.

किनारा साफ झाला, हे खरंच. वकील अफरोज शहा आणि त्यांच्या सोबत्यांनी 2015 पासून तो अक्षरशः उपसला, आणि 2018 च्या मार्चमध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं दिसली. पण ओशिवरा नदी मालाडच्या खाडीत येते आणि खाडी आमच्या दारात. एक मोठा पाऊस झाला की वाळू दिसत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये प्लास्टिकबंदी लागू झाली, पहिला दंड 5,000 रुपये. थोडे दिवस गिऱ्हाईक डबे घेऊन आलं. नंतर पुन्हा पातळ पिशव्या, आणि त्या देणाऱ्यांत मीही आहे. नाही दिली तर बाई पुढच्या पाटीवर जाते.

केरळात कोल्लमजवळच्या बंदरांवर 2017 पासून जाळ्यात आलेलं प्लास्टिक बोटीतूनच परत आणायला लावलं. बोटींना पिशव्या दिल्या, निवडण्याचं काम बायकांना दिलं, आणि त्याचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला. आम्हाला तेवढंच हवंय: बंदरावर एक शेड, वजनकाटा, किलोमागे थोडे पैसे. नाल्यांच्या तोंडाशी अडवणूक करायला वेळ लागेल, कळतं. शेडला लागू नये. 31 जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते, बोटी सुटतात, त्याआधी व्हावं.

पाहणीला आलात तर हातमोजे घालून वाळूवर नको. पहाटे बंदरावर या, बोट लागताना.

आपली,
वेसाव्याची एक कोळीण