पुराची पाहणी कशी करावी?

संपादक महोदय,

पूर ओसरल्यावर रहिवाशांना ‘सेवेबद्दल समाधानी आहात का?’ असे विचारून हाती काही लागत नाही. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठा नदीचे पाणी शिरले. तिथे विचारायचे ते असे: खडकवासला धरणातून नदीत सोडलेले पाणी (विसर्ग) वाढल्याचे किती वाजता कळले, भोंग्यावरून, मोबाइलवरून की शेजाऱ्याच्या हाकेने? त्यानंतर किती मिनिटांत पाणी पायरीला लागले? तेवढ्यात गाड्या हलल्या का? (विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, असा सांगतात; त्या आकड्यावरून आपली पायरी भिजणार का, हे कुणालाच उमगत नाही.)

दुसरा कळीचा प्रश्न, पाणी आले कुठून? नदीच्या काठावरून की गटाराच्या चेंबरमधून? नदीची पातळी पावसाळी गटाराच्या तोंडावर गेली की पाणी उलटे फिरते. तिथे पूरभिंत एकटी पुरत नाही. तोंडाशी एकदिशा झडप (पाणी बाहेर जाऊ देणारी, पण आत न येऊ देणारी) लागते, आणि कचरा अडकून ती उघडी राहिली तर तीही कुचकामी. आंबिल ओढ्याचा सप्टेंबर २०१९ चा पूर धरणाचा नव्हे, अचानक कोसळलेल्या पावसाचा. म्हणून ओढाकाठ आणि नदीकाठ यांची उत्तरे एकत्र कालवू नयेत.

पाण्याची उंची भिंतीवरच्या डागावरून टेपने मोजावी, रंगकाम होण्याआधी. वीजमीटर जमिनीपासून किती फुटांवर आहेत, तेही टिपावे. केवळ ऑनलाइन अर्ज किंवा सोसायटीच्या अध्यक्षांची सही घेतली, तर तळमजल्यावरचे भाडेकरू हमखास सुटतात.

– काही स्थापत्य अभियंते, पुणे