मसाई पठारावरच्या मामांना

मामा, सादर नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघडं लिहितोय. कुंभारवाडी-खोतवाडीकडच्या कुणाच्या वाचनात आलं, तर त्यानं तुम्हाला वाचून दाखवावं.

गेल्या आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत निघालेले बापलेक आम्हीच. बाबांची कैक वर्षांची इच्छा होती. राजदिंडीनं उतरलो, म्हाळुंगे मागं टाकलं आणि पठारावर आलो तर धुकं असं दाटलेलं की हातातली काठीसुद्धा धूसर दिसावी. पठार म्हणजे सपाट असेल असं मला वाटायचं. पण इथं एक माळ उतरावा तर दुसरा समोर उभा, आणि सगळे सारखेच. वाट चुकली. बाबा दोनदा घसरले, तिसऱ्यांदा बसले ते उठेनात. त्यांची काठीही मोडली.

तेवढ्यात म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली आणि धुक्यातून तुम्ही आलात, डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन. काही न विचारता बाबांचा गुडघा चाचपलात आणि म्हणालात, "बूट काडा पावनं. आंगठा रवायचा, मग टाच टेकायची."

तुम्ही पुढं, तुमच्या पावलात पाऊल टाकत बाबा, मागं मी. तुमचा अंगठा तांबड्या चिखलात रुतायचा, बोटांच्या फटींतून चिखल वर यायचा, आणि पाऊल तसूभरही सरकायचं नाही. ते बघताना मला १२ जुलै १६६० ची रात्र पहिल्यांदा खरी वाटली. सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू, हे सगळं लहानपणी बाबांच्याच तोंडून ऐकलेलं. पण खांद्यावर महाराजांची पालखी, वर कोसळता पाऊस, पायाखाली हाच निसरडा उतार, आणि धावायचं! ते कसं धावले असतील, हे मला तुमच्या पायांनी सांगितलं.

घरी नेऊन काकींनी चुलीपुढं बसवलं, कढत तेलानं बाबांचा गुडघा चोळायला लावला, चहा दिला. मी पैसे पुढं केले तर तुम्ही माझी मूठ मिटवलीत. वर स्वतःची काठी बाबांच्या हातात दिलीत.

दुसऱ्या दिवशी पांढरपाणी गाठलं. खिंडीत उतरल्यावर बाबा कितीतरी वेळ पाण्यात उभे होते. बूट त्यांनी आपणहून काढले होते.

मामा, त्या दिवशी तुम्ही भेटला नसतात तर आम्ही पठारावरूनच परत फिरलो असतो, आणि बाबांनी पुन्हा कधी नाव काढलं नसतं. तुमचे आणि काकींचे मनापासून आभार.

काठी आमच्या दाराआड उभी आहे. बाबा रोज तिला हात लावून फिरायला जातात. येत्या आषाढात ती परत द्यायला दोघंही येतोय. या खेपेला आधी नाव विचारीन.

तुमचा,
त्या दिवशीचा पाव्हणा