शिबिरातले सर्वेक्षण ग्रामसभेपुढे येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर-जानेवारी आला की राष्ट्रीय सेवा योजनेची (एन.एस.एस.) हिवाळी शिबिरे गावोगाव लागतात. ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे, ही तिची चौकट. एन.एस.एस.चा कार्यक्रम अधिकारी म्हणून मी बरीच वर्षे अशी शिबिरे घेतली. या कामावर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच एक गोष्ट आता बदलावी असे मनापासून वाटते.

आपण तरुणांना बोलावतो ते राबायला. शोषखड्डे खणा, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घाला, प्रभातफेरी काढा. गणेश मंडळ असो वा गावची जत्रा, मांडव घालणे आणि पंगतीत वाढणे पोरांकडे. हिशोब आणि ठराव वडीलधाऱ्यांकडे. मग तीच माणसे पारावर बसून म्हणतात, ‘आजकालच्या पोरांना गावाचं काही पडलेलं नाही, नुसता मोबाइल.’ ज्या कामात आपल्या मताला किंमत नाही, त्यात कोणाचा जीव किती दिवस रमेल?

एका शिबिरातली गोष्ट सांगतो. मुलींच्या गटाने घरोघर जाऊन नळाला पाणी कधी येते, किती वेळ टिकते, याची वहीत नोंद केली. गावातला अकरावीतला एक मुलगा आपणहून त्यांच्याबरोबर फिरू लागला. कोणता व्हॉल्व्ह कधी सोडतात, कुठल्या गल्लीत मोटर लावून पाणी ओढतात, हे त्याला तोंडपाठ होते. दोन दिवसांत कार्डशीटवर अख्ख्या गावाचा पाण्याचा नकाशा तयार झाला. टाकीजवळची आळी हिरवी, शेवटची वस्ती लाल. त्या वस्तीत पाणी येते तेव्हा बायका मजुरीला गेलेल्या असतात, हे त्या नकाशात पहिल्यांदा नीट दिसले. समारोपाला पाहुण्यांनी कौतुक केले, शाल-श्रीफळ झाले आणि नकाशा गुंडाळून अहवालासोबत महाविद्यालयात गेला. पुढे २६ जानेवारीला गावातल्या शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. पाण्याच्या विषयावर नेहमीसारखाच आरडाओरडा झाला. नकाशा तिथे नव्हता, आणि तो ज्याच्या माहितीवर उभा राहिला त्या मुलाला कोणी बोलावलेही नव्हते.

शिबिरे बहुधा ग्रामसभेच्या तोंडावरच होतात. इतका चांगला योग आपण दरवर्षी वाया घालवतो. माझी सूचना एवढीच आहे : शिबिरात केलेले सर्वेक्षण गावातल्याच तरुणांनी, स्वयंसेवकांना सोबत घेऊन, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडावे. त्यावर काय ठरले ते इतिवृत्तात लिहिले जावे आणि पुढच्या, म्हणजे १ मेच्या ग्रामसभेत त्याच तरुणांनी ‘काय झाले?’ म्हणून विचारावे.

मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. म्हणजे अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना तिथे बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. यादीत नाव मात्र हवे, तेव्हा शिबिरातच नावनोंदणी उरकावी. अठराच्या आतल्यांसाठी आदल्या दिवशी वेगळी सभा घ्यावी. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. त्याच धर्तीवर मुलांचे म्हणणे ऐकायला गावाला कोण अडवणार आहे?

तरुणांच्या हाती निर्णय गेला तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. हिवरे बाजारात १९८९ साली गावातल्या तरुणांनीच उच्चशिक्षित पोपटराव पवारांना सरपंच होण्याचा आग्रह धरला. त्यानंतर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान यांतून त्या दुष्काळी गावाचे रूप पालटले. श्रमदान तिथेही झालेच, पण ते गावाने स्वतः ठरवलेल्या कामासाठी. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने तर ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालवला. आधी विषय समजून घ्यायचा, मग सगळ्यांनी मिळून निर्णय करायचा, ही त्यांची रीत. आपल्या शिबिरांतली सर्वेक्षणे म्हणजे असा अभ्यासच असतो. फक्त तो निर्णयाच्या जागेपर्यंत पोहोचत नाही.

काही सरपंचांना हे अडचणीचे वाटेल, याची मला कल्पना आहे. ‘पोरं राजकारण करतील’ असे मला तोंडावर सांगितले गेले आहे. पण वीस वर्षांची मुलगी आकडे हातात घेऊन शांतपणे विचारते, तेव्हा सभेचा सूरच बदलतो. उत्तर देणाऱ्यालाही आवाज चढवता येत नाही. शिवाय गावाचा कारभार कसा चालतो, निधी कुठून येतो, एखादे काम का अडते, हे त्या मुलीला पुस्तकातून जितके कळणार नाही तितके त्या एका दुपारी कळते.

यंदा शिबिर घेणाऱ्या महाविद्यालयांना विनंती आहे की, गाव ठरवतानाच ग्रामपंचायतीशी याबद्दल बोलून घ्यावे. ग्रामसभेची नोटीस निघण्यापूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज देऊन सर्वेक्षणाचा विषय घ्यायला लावावा आणि सर्वेक्षणाची एक प्रत गावातच, शाळेत किंवा वाचनालयात, ठेवावी. विद्यापीठांनीही शिबिराच्या अहवालात ‘ग्रामसभेत काय ठरले’ असा एक रकाना घालावा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, जि. सातारा