डेस्कटॉप बदलतो, कुणाला विचारून?

महोदय,

लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली ‘फुकट’ म्हणून सुचवणारे पुष्कळ भेटतात. पण पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप हा वेगळा भाग असून तो आपल्याला निवडता येतो, हे क्वचितच कुणी सांगतं. मी जुन्या संगणकावर एक्सएफसीई हा डेस्कटॉप वापरतो. एक पट्टी, कोपऱ्यात मेनू, बस्स.

केडीई हा असाच दुसरा डेस्कटॉप १९९६ साली मथियास एट्रिख यांनी सुरू केला. त्याच्या पायाशी असलेल्या क्यूटी या लायब्ररीचा (तयार कोडच्या संचाचा) परवाना तेव्हा पुरेसा मुक्त, म्हणजे कोड कुणालाही बदलता-वाटता येईल असा, नव्हता, म्हणून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम हा वेगळा डेस्कटॉप उभा केला. भांडण परवान्याचं, फायदा आपला! (पुढे क्यूटीही जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं.) २०११ मध्ये ग्नोम ३ ने जुनी मांडणी मोडली, तेव्हा नाराज मंडळी नुसती कुरकुरत बसली नाहीत, ग्नोम २ चा कोड घेऊन त्यांनी ‘माटे’ चालवला. विकतच्या प्रणालीत मेनू हलवला, तर आपण मुकाट्यानं नवी जागा पाठ करतो.

तक्रार एकच: मराठी भाषांतर अर्धवट. एक खिडकी मराठीत, पुढची इंग्रजीत. हे भाषांतराचं काम कुणालाही करता येतं. मी निवृत्त मुद्रितशोधक, सध्या वेलांट्या तपासतो आहे. जोडीला माणसं हवीत.

– एक वाचक