कोऱ्या ग्रीडचाही फोटो काढ

चि. सुमेध,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जेलमधल्या पेप्टाइडच्या धाग्यांचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो तू पाठवलास, तो मोबाईलवर नीट दिसेना, म्हणून साकोलीला गेले तेव्हा कागदावर छापून आणला. काळपट जागेवर पांढुरके धागे, एकमेकांत गुंतलेले, कोपऱ्यात 200 नॅनोमीटरची पट्टी. फोटो सुरेख आहे. पण खालचा तुझा मेसेजही वाचला. सरांनी फोटो परत केला, "हे धागे पाण्यात होते की ग्रीडच्या बारीक जाळीवर वाळताना झाले, ते आधी दाखव" म्हणाले, आणि तू चिडलास. मी सरांच्या बाजूची आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच "हो आई, कळलं" म्हणून मोकळा झाला असतास, म्हणून लिहिते आहे.

माझी नोकरी सगळी स्लाइड बघण्यात गेली, हे तुला सांगायला नको. मलेरियाच्या स्लाइडवर जे.एस.बी.चा रंग नीट धुतला गेला नाही की त्याचे कण बसतात, आणि ते थेट परजीवीसारखे दिसतात. तांबड्या पेशीवर प्लेटलेट येऊन बसली तरी नवख्याला ती परजीवीची रिंग वाटते. अशा वेळी बारीक फोकसचा स्क्रू किंचित मागेपुढे फिरवायचा. परजीवी पेशीच्या आत असतो, त्यामुळे पेशी स्पष्ट होते तेव्हाच तोही स्पष्ट होतो. रंगाचा कचरा वरच्या थरात असतो, तो वेगळ्या फोकसला येतो. आणि जाड स्मिअरची 100 फील्ड पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. हाताखाली आलेल्या पोरापोरींना मी हे आधी शिकवायची, रंगवणं नंतर.

तुझ्या ग्रीडवरही रंगच आहे, फक्त त्याचं नाव युरेनिल ॲसिटेट. उन्हाळ्यात तू ठेवून गेलेली नोट्सची फाईल मी वाचून काढली. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी, त्यात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, सगळे हलके अणू. इलेक्ट्रॉन त्यांना फारसे अडत नाहीत. म्हणून जड धातूचं द्रावण टाकायचं. ते धाग्याच्या कडेने साचतं आणि मधला धागा उजळ राहतो. म्हणजे तुझ्या फोटोत पेप्टाइड कुठेच नाही, त्याच्याभोवतीचं युरेनियम आहे. त्यात वावगं काही नाही, आम्हीही जन्मभर रंगच पाहिला. पण थेंब वाळताना पाणी उडून जातं, क्षार आणि पेप्टाइड दोन्ही घट्ट होत जातात, आणि द्रावणात नसलेला धागा तिथल्या तिथे तयार होऊ शकतो. वर युरेनिलचे स्फटिक पडतात ते वेगळेच.

सर क्रायोचा, म्हणजे नमुना गोठवून फोटो काढण्याचा, आग्रह धरतात तो यासाठी. पाण्याचा पातळ थर द्रवरूप इथेनमध्ये इतक्या झटक्यात गोठवायचा की बर्फाचे स्फटिक व्हायला सवड मिळू नये. धागा पाण्यात जसा होता तसाच तिथे अडकतो, आणि त्याला रंगाचीही गरज नाही. ड्युबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना 2017 चं नोबेल याच क्रायो पद्धतीच्या कामासाठी मिळालं. तिथे नंबर लागायला वेळ लागतो म्हणतोस, तर लागू दे. तोवर एएफएम कर, म्हणजे बारीक सुईने पृष्ठभाग चाचपून बघणं. अभ्रकाचा वरचा पापुद्रा चिकटपट्टीने ओढून काढायचा, खालच्या ताज्या पृष्ठभागावर थेंब सोडायचा, हे तर तुझ्या हातचं आहे. फक्त त्यात रुंदी मोजत बसू नकोस. सुईच्या टोकाला स्वतःची जाडी असते, त्यामुळे धागा रुंद दिसतो. उंची धर. आणि एएफएम द्रवातही करता येतं, म्हणजे वाळण्याचा प्रश्न तिथेही सुटेल.

एका चाचणीवर निकाल लिहू नये हे मला सिकलसेलने शिकवलं. आपल्या भागात हा आजार घरोघरी. सोल्युबिलिटीच्या नळीत रक्त टाकलं, द्रावण गढूळ झालं, मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण ते पोर नुसतं वाहक आहे की आजारी आहे हे ती नळी सांगत नाही. त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार विजेने वेगळे करणारं इलेक्ट्रोफोरेसिसच लागतं. आईबापाला काय सांगायचं ते त्या दुसऱ्या कागदावर ठरतं. आणि गंमत बघ, सिकल झालेली पेशी मी असंख्य वेळा पाहिली, पण तिला आतून वाकवणारा हिमोग्लोबिनचा धागा कधीच पाहिला नाही. तो जेमतेम 21 नॅनोमीटर जाड. साध्या सूक्ष्मदर्शकाची धाव 200 नॅनोमीटरच्या आसपास संपते, हे ॲबेने 1873 मध्येच सांगून ठेवलंय. तू आता त्या मापाचे धागे रोज बघतोस, याचा मला थोडा हेवा वाटतो.

आता तुझ्या थायोफ्लेविनचं. साखळ्या शेजारी शेजारी जुळून झालेल्या बीटा पत्र्यांच्या धाग्यांत हा रंग घुसला की चकाकतो, हे ठीक. पण तुझ्या जेलमध्ये जखमेसाठी म्हणून हळदीतलं कर्क्युमिन भरलेलं आहे. हळद स्वतः निळा प्रकाश शोषते, स्वतः चमकते, वर असल्या धाग्यांना चिकटतेसुद्धा. मग यंत्रात वाढलेला किंवा कमी झालेला आकडा धाग्याचा की हळदीचा? नुसतं पेप्टाइड, नुसतं कर्क्युमिन आणि दोन्ही मिळून, अशा तीन नळ्या शेजारी शेजारी लाव. सीडीचा, म्हणजे प्रकाशावरून रेणूची घडण ओळखायचा, आलेखही हळद न घालता काढ. 218 नॅनोमीटरला खड्डा आला तर बीटा पत्रा आहे असं म्हणायला दुसरा साक्षीदार मिळेल.

उंदरात जेल कुठे जातं हे बघायला पेप्टाइडला फ्लुरोसीन हा चमकणारा रंग जोडायचा विचार आहे म्हणालास. फाईलमध्ये तूच लिहिलंयस की गाझित आणि रेशेस यांनी 2003 मध्ये दोनच अमिनो आम्लांच्या पेप्टाइडपासून नळ्या बनवून दाखवल्या. त्या पेप्टाइडचं वजन 312 डाल्टन. फ्लुरोसीन 332 चं. नाठाळ गाईच्या गळ्यात गाईएवढंच लोढणं बांधलं तर ती चालेल कशी? तुझं पेप्टाइड त्याहून लांब आहे, मान्य. तरी रंग जोडल्यावर धागे पूर्वीसारखेच जुळतात का, हे आधी बघ. शंभरातल्या एखाद्याच रेणूला रंग जोडून बाकीचे साधे ठेवता येतील.

पेट स्कॅनमध्येही तोच घोळ. न्यूरोएंडोक्राइन गाठी शोधायला डोटाटेट देतात, त्यात आठ अमिनो आम्लांचं पेप्टाइड आणि त्याला जोडलेलं किरणोत्सारी गॅलियम-68. याचं अर्धं आयुष्य 68 मिनिटं, साकोलीची एस.टी. नागपूरला पोचेपर्यंत निम्म्याच्या खाली जाईल. कॅमेऱ्याला दिसतं ते गॅलियम, पेप्टाइड नाही. गॅलियम सुटलं तर ते रक्तातल्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि चित्र भलतंच येतं. शिवाय पेटला काही मिलिमीटरच्या आतलं वेगळं ओळखता येत नाही. "धागे गाठीत पोचले" असं त्या चित्रावरून लिहू नकोस. खूण पोचली, एवढंच लिही. धागा अख्खा पोचला का, हे ऊतीचा तुकडा काढून वेगळं तपासावं लागेल.

आजीच्या इन्सुलिनची 30/70 ची बाटली या उन्हाळ्यात मडक्यातच ठेवली, पारा 45 च्या वर गेला तेव्हा पाणी दोनदा बदलायचे. तळहातांमध्ये हळू फिरवते, खळखळ हलवत नाही. इन्सुलिनही 51 अमिनो आम्लांचंच, उष्णतेने आणि हलवण्याने त्याचेही धागे होतात, तुला हवे तसे, पण आजीला नको असलेले. ही बाटली मुळातच दुधाळ, त्यामुळे गढूळपणा बघून काही कळत नाही. काचेला कण चिकटलेत का ते उजेडात धरून बघते. कधी जमलं तर वापरून उरलेल्या बाटलीतला थेंब तुझ्या ग्रीडवर टाकून बघ, मला बघायचंय.

तेव्हा काम असं: कोऱ्या ग्रीडवर नुसतं बफर आणि युरेनिल टाकून एक फोटो काढ, पेप्टाइडशिवाय. त्यात धागे नसतील तर तुझ्या फोटोला निम्मा आधार मिळाला. मग क्रायोचं बघ. आणि सरांना जाऊन भेट, तोंड पाडून नाही.

धानाचे पऱ्हे बरे आलेत. खालच्या बांधीची रोवणी झाली, वरच्या दोन राहिल्यात, बोडीत पाणी अजून पुरेसं नाही. बाबा दिवसभर तिकडेच. आजी म्हणते, "पोट्ट्याले म्हणा, फोटो मंग काढजो, पयले जेवत जाय." पोळ्याला येणार असशील तर महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट आताच काढ.

तुझी,
आई

ता. क. – विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचं माप काढणाऱ्या डीएलएसचा आलेख पाठवशील तेव्हा नमुना गाळून घेतला होता का ते लिही. बारीक कणाने विखुरलेला प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढतो म्हणे, म्हणजे धुळीचा एखादा मोठा कणही तुझ्या सगळ्या धाग्यांना झाकून टाकेल. आणि ते यंत्र सगळ्यांना गोल समजतं, धाग्याची लांबी त्यावरून सांगू नकोस.