डॅमसेलला तडीपार करणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

"काका, नाव-बिव लिहू नका कुठे," असं तू बजावलंस म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, ते मानू दे.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या पहिल्या फायरफिश माशाचं मी तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. दुकानातून आणला, पिशवी अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवली, कात्रीने कापली आणि दिला सोडून. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कॅबिनेटच्या मागे एक्स्टेंशन बोर्डाजवळ सापडला, वाळून कडक. आमच्याकडे सुकट आवडीने खातात, पण तो बोटभर मासा कागदावर उचलताना हिने तोंड फिरवलं. पुढून पांढरा, शेपटीकडे लालभडक होत जाणारा, पाठीवर तुरा. त्यातलं काही ओळखू येत नव्हतं.

मी म्हटलं, जातच नाजूक असेल. तू मात्र विचारलंस, "आधीपासून राहतंय कोण?" क्लाउनफिशची जोडी, एक गोबी आणि चार वर्षांपासून मुक्कामाला असलेला निळा डॅमसेल. डॅमसेल म्हटल्यावर तू नुसता हसलास, जातच भांडखोर म्हणून.

मग मला समजावलंस. हा मासा समुद्रात आपल्या बिळाच्या तोंडाशी, प्रवाहाकडे तोंड करून तरंगत असतो, वाहत येणारे बारीक जीव टिपतो आणि जरा काही हललं की सुळकन बिळात. नव्या टँकमध्ये त्याला बीळ ठाऊक नाही आणि मागे डॅमसेल. पळायला एकच दिशा उरते, वर. वर माझा टँक उघडा. जाळी लावतो म्हटलं आणि बाल्कनीतली उरलेली कबुतरांची जाळी दाखवली, तेव्हा तू कपाळाला हात लावलास. "काका, यातून दोन फायरफिश हातात हात घालून जातील." शेवटी खिडक्यांच्या माणसाकडून ॲल्युमिनियमची चौकट करून घेतली आणि तीत बारीक जाळी ताणून बसवली.

दुसरा मासा थेट टँकमध्ये सोडूच दिला नाहीस. पिशवीतल्या पाण्याचा थेंब खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवलास, १.०२०. माझ्या टँकचं १.०२५. कमी खारातून जास्त खारात एकदम टाकलं तर माशाला फार जड जातं, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. (मीही विचारलं नव्हतं म्हणा.) वीस लिटरच्या काचेच्या पेटीत दुकानाइतकंच खारं पाणी, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा एक करडा एल्बो. रोज थोडं थोडं मीठ वाढवत आठवड्याभरात १.०२५. आणखी तीन आठवडे तिथेच ठेवायला लावलंस, अंगावर पांढरे ठिपके उठतात का ते बघायला. पोवळ्यांच्या टँकमध्ये एकदा हा ठिपक्यांचा रोग, व्हाइट स्पॉट, शिरला की तांब्याचं औषध घालता येत नाही. कोळंब्या, शंख, पोवळी सगळंच मरतं.

पहिले दोन दिवस त्याने काही खाल्लं नाही. मी तुला दिवसातून चारदा मेसेज करत होतो, त्याबद्दल माफ कर. तू पाण्याच्या बाटलीत एअर पंप लावून आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवांची, अंडी उबवायला शिकवलंस. तिसऱ्या संध्याकाळी ती हलणारी नारिंगी पिल्लं सोडली आणि एल्बोतून अर्धं डोकं बाहेर आलं. एक टिपलं, परत आत.

आता त्या शनिवारच्या रात्रीबद्दल. एरवी दगडांची मांडणी बदलली की जुन्या माशांच्या हद्दी मोडतात. पण माझ्या दगडांवर मश्रूम आणि झोआ ही पोवळी पसरलेली, ती उपटायला माझा जीव होईना. तू म्हणालास, "मग गावगुंडालाच तडीपार करू." तुझी ती भोकांची पारदर्शक पेटी आत लटकवलीस, तीत मायसिस, म्हणजे बारीक कोळंबीचं खाणं, टाकलं आणि दाराचा दोरा बोटाला गुंडाळून स्टुलावर बसलास. आधी क्लाउनची मादी घुसली, तिला बाहेर काढलंस. मग नर घुसला. डॅमसेल दाराशी यायचा, बघायचा, वळायचा. चहा गार झाला. सव्वा तासाने त्याची हाव जिंकली आणि दार पडलं. तू टाळीसुद्धा वाजवली नाहीस, घाबरतील म्हणून.

दिवे मालवून नवा मासा एल्बोसकट आत ठेवला. डॅमसेल आठ दिवस त्या पेटीआडून चरफडत होता आणि हा आरामात गल्ल्या पाहून घेत होता. नवव्या दिवशी डॅमसेलला सोडला. दोनदा अंगावर धावला, दोन्ही वेळा हा बिळात. तिसऱ्यांदा तो अर्ध्यातूनच वळला.

पैसे विचारले तर तू रिक्षाचे घेतलेस, तेही मोजून.

आज दुपारी फायरफिश पंपासमोर उभा होता, तुरा खालीवर करत. तो करडा एल्बो मी दिसायला वाईट म्हणून काढणार होतो, तू हात धरलास. आता त्याच्या एका कडेला जांभळट कोरलाइन शेवाळ चढलंय. झोपायला तो अजून तिथेच जातो. तुझी पेटी धुऊन ठेवली आहे. शनिवारी ये, ही अळूवड्या करणार आहे.

तुझा,
चार फुटी टँकवाला काका