अक्का, त्या बिघडलेल्या उंड्याबद्दल आभार

अक्का, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पत्र मात्र उघडंच लिहितोय. आंबवलेल्या पिठाची बरणी फ्रिजात ठेवून ‘ह्या उरलेल्याचं करायचं काय’ म्हणत बसलेली घरं आता बेळगावच्या वडगाव-शहापुरातही आहेत, अनगोळातही आहेत, आणि तुमची पद्धत त्यांच्यापर्यंत पोचावी एवढा ह्यात आमचा स्वार्थ.

तुम्ही दोन डबे पाठवलेत. एकात पिझ्झाच्या पिठाचा नीट जमलेला उंडा, दुसऱ्यात मुद्दाम बिघडवलेला. दुसऱ्याच्या झाकणावर चिठ्ठी होती: ‘हा भाजायचा नाही. आधी ह्याला ओढून बघा, मग पहिल्याला हात लावा.’ आभार मानायचेत ते ह्या दुसऱ्या डब्याचे. जमलेलं सगळेच दाखवतात की. पण शिळा, आंबट स्टार्टर, म्हणजे बरणीतलं ते आंबवलेलं पीठ, राखून ठेवायचा, त्यात चांगला मैदा घालायचा, रात्रभर नासू द्यायचा आणि तो परक्या घरी पाठवायचा, का, तर त्यांच्या बोटांना फरक कळावा म्हणून! एवढा विचार आमच्यासाठी आधी कुणी केला नव्हता.

आधीच्यांचं थोडं बोलू द्या, राग अजून उतरलेला नाही. फी घेऊन शिकवणाऱ्या एका वर्गात प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं, ‘इकडच्या मैद्यात दम नाही.’ विषय संपला. मापं कपात सांगायची, आणि कप म्हणजे किती ते सांगायचं नाही. कपात मैदा हलक्या हाताने भरला तर 120 ग्रॅम बसतो, पिशवीत कप खुपसून भरला तर 150. चार कपांत 120 ग्रॅमचा फरक पडला की तीच कृती एका घरी दगड होते आणि दुसऱ्या घरी खळ. ‘रात्रभर ओट्यावर ठेवा’ हेही तसंच. ज्या स्वयंपाकघरात रात्री 18 अंश असतात तिथलं ते वाक्य मेमधल्या बेळगावात उचलून आणलं तर सकाळी परातीत काय सापडणार, सांगायला नको. पीठ फाटतंय म्हटलं की वर सल्ला, ‘अजून मळा.’

ह्या ‘अजून मळा’नं सगळ्यात जास्त मैदा वाया घालवलाय. पीठ फाटण्याची कारणं दोन, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट. तुमच्या दोन डब्यांनी ती वेगळी करून दाखवली.

पहिल्या डब्यातला उंडा थंड असताना ओढला तर ताणला जात होता, पण सोडला की आखडून मागे येत होता. जबरदस्ती केली तर कडेनं फाटला. ते पीठ बिघडलेलं नव्हतं, फक्त ताठलेलं होतं. ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिनांचं जाळं, मजबूत आहे पण अजून सैल पडलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याला औषध एकच: ओलं फडकं झाकून अर्धा तास बाजूला ठेवायचं. तुमच्या चिठ्ठीच्या तळाशी तेच होतं, ‘स्वल्प तडीरी’, म्हणजे कन्नडमध्ये ‘जरा थांबा’. लग्नघरी मांडे करणाऱ्या बायका पीठ भिजवून, तिंबून मुरायला ठेवतात आणि मगच ते हातांवर पसरत नेतात, तसंच हे. घाई केली की दोन्हीकडे भोकं.

दुसऱ्या डब्यातलं पीठ वेगळंच. ओढलं की काही विरोध न करता लांब होत गेलं, परत आलंच नाही, आणि मधेच भोकं पडून सुटलं. तळहाताला चिकटलं ते निघेना. वास व्हिनेगरसारखा उग्र. ह्याला मळून काही होत नाही, उलट बिघडतं. वरून मैदा घातला की घट्ट वाटतं, पण भाजल्यावर तळ बिस्किटासारखा ठिसूळ. कारण असं: गव्हाच्या पिठात प्रथिनं तोडणारी एन्झाइम मुळातच असतात. स्टार्टर जुना झाला की त्याची आम्लता वाढते आणि आंबट वातावरणात ही एन्झाइम जोरात कामाला लागतात. स्टार्टरमधलं ग्लुटेन तर आधीच तुटून गेलेलं असतं, मग ही एन्झाइम नव्या पिठातलंही खात सुटतात. म्हणून उरलेला स्टार्टर किती घालायचा ह्याच्याइतकंच तो किती जुना आहे हेही बघायला पाहिजे. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

आता तुमचं माप. तुम्ही वहीच्या कागदावर लिहून दिलंत तेच इथं देतोय. मैदा 500 ग्रॅम, पाणी 280, उरलेला स्टार्टर 150 (अर्धं पीठ, अर्धं पाणी अशा मापाचा), मीठ 12, तेल 12. स्टार्टरमधलं धरून एकूण पीठ 575 आणि पाणी 355, म्हणजे पाणी साधारण 62 टक्के. ह्यातून 235 ग्रॅमचे चार उंडे होतात, प्रत्येकाचा 25 सेंटिमीटरचा पिझ्झा. वजनकाटा नसेल तर आधी तो घ्यावा, बाकी सगळं नंतर.

स्टार्टर फ्रिजात दोन-तीन दिवसांचाच असेल तर नुसत्या त्याच्यावर पीठ फुगतं. आठवडाभराचा असेल तर तो चवीपुरता समजायचा आणि 1 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घालायचं, म्हणजे पाव चहाचा चमचा, सपाट. यीस्ट घातलं म्हणून कमीपणा मानणाऱ्यांना तुम्ही हसता ते आम्हाला फार आवडतं. दहा दिवसांच्या पुढचा, वर काळपट पाणी सुटलेला असेल तर ते पाणी ओतून टाकायचं आणि स्टार्टर 50 ग्रॅमच्या वर घालायचा नाही. कमी पडलेल्या 100 ग्रॅमच्या जागी 50 मैदा आणि 50 पाणी वाढवायचं, आणि यीस्ट मात्र हवंच. काळपट पाण्यानं काही बिघडत नाही. गुलाबी किंवा नारिंगी रेघ दिसली, किंवा केसाळ बुरशी आली, तर मात्र सगळं पीठ फेकायचं आणि बरणी धुऊन काढायची. वरचं काढून खालचं वापरायची काटकसर तिथं नको. आणि पाण्यावर तरंगतो का बघून उरलेला स्टार्टर फेकू नये. थंड, बसलेला स्टार्टर तरंगत नाहीच. ती परीक्षा ताज्या, फुगलेल्या स्टार्टरची.

स्टार्टर आधी पाण्यात कालवायचा, मग मैदा घालून कोरडं काही राहणार नाही एवढंच एकत्र करायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. मीठ नि तेल त्यानंतर. मीठ सुरुवातीलाच पडलं तर पीठ लवकर घट्ट होतं आणि पाणी नीट शोषत नाही. मग सात-आठ मिनिटं मळायचं, किंवा तिंबायचा कंटाळा असेल तर अर्ध्या अर्ध्या तासानं तीनदा चारी बाजूंनी ओढून घडी घालायची. दोन्हींचा शेवट एकच येतो. पावसाळ्यात सुटा मैदा हवेतला ओलावा घेऊन बसलेला असतो, म्हणून तेव्हा पाण्यातले 20 ग्रॅम मागे ठेवायचे आणि लागले तरच घालायचे.

फुगायला किती वेळ, ह्याचं उत्तर घड्याळ देत नाही. स्वयंपाकघर देतं. आपल्याकडे मेमध्ये आत 30 अंश असतात, तेव्हा नुसत्या स्टार्टरवर साडेतीन-चार तास. जुलैच्या पावसात 24 अंशांच्या आसपास, तेव्हा सहा-सात. डिसेंबरच्या थंडीत नऊ-दहाही लागतात. यीस्ट घातलं असेल तर ह्याच्याहून कमी. सरळ कडेच्या भांड्यात ठेवून पातळीला खूण करावी आणि दीडपट झालं की थांबावं. दुप्पट होऊ द्यायचं नाही. पुढचं फुगणं फ्रिजात व्हायचंय, आणि आंबट पिठाला तेवढी वाट बघण्याची ताकद उरलेली पाहिजे. दुप्पट करा म्हणणाऱ्या कृती बहुधा नुसत्या यीस्टच्या असतात.

मग चार उंडे वळून, तेलाचं बोट फिरवलेल्या वेगवेगळ्या स्टीलच्या डब्यांत, झाकण लावून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला. दारात ठेवले तर तिथं थंडी कमी असते, पीठ पुढं पळतं. 18 ते 48 तास चालतात. करंट गेला तर दार उघडू नका, एवढीच सूचना. काढल्यावर उन्हाळ्यात दीड तास, थंडीत तीन तास बाहेर. हे टाळलं की परत तेच आखडणं, आणि परत कुणीतरी म्हणणार, अजून मळा.

मैद्याबद्दल त्या वर्गवाल्यांचं निम्मं खरं होतं हे तुम्हीच मान्य केलंत, तेही त्यांची बाजू घेऊन. रविवार पेठेतला सुटा मैदा पोत्यागणिक बदलतो. पाकिटावर 100 ग्रॅममागे प्रथिनं किती ते बघावं. 11 च्या पुढं असेल तर उत्तम, 9 असेल तर पाणी 260 वर आणावं आणि फ्रिजातला वेळ 24 तासांच्या आत ठेवावा. गिरणीची कणीक घालायची असेल तर 100 ग्रॅमपर्यंत. जात्याच्या दाबानं तिच्यातला स्टार्च जास्त मोडलेला असतो, ती पाणी जास्त पिते, म्हणून 15-20 ग्रॅम पाणी वाढवायचं. आपल्याकडच्या खपलीचं पीठ चवीला सुरेख, पण तिचं ग्लुटेन कमजोर. 75 ग्रॅमच्या पुढं गेलात की दुसऱ्या डब्यातलं पीठ घरीच तयार होतं.

उंडा पसरताना लाटणं नको, कडेची हवा जाते. मधून बाहेर बोटांनी दाबत न्यायचं, कड तशीच सोडायची. खाली पिठीऐवजी चिरोटी रवा. मैद्याची पिठी ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या विजेच्या भट्टीत, करपून कडू होते. ओटीजी 250 अंशांवर, लोखंडी ट्रे उलटा घालून, 45 मिनिटं तापवायचा. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, ट्रे नाही. सात ते नऊ मिनिटं लागतात. नेपल्सच्या लाकडं जाळून तापवलेल्या भट्टीत 430 अंशांच्या वर तापमान असतं आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो. आपल्याकडे त्याच्या पाचपट वेळ पीठ आत बसतं, वाळतं. तेल घालायचं ते म्हणून. ओटीजी नसेल तर बिडाचा तवा चांगला तापवून, पसरलेला उंडा झाकण ठेवून दोन मिनिटं, खाली डाग पडले की उलटायचा, भाजलेल्या बाजूवर सॉस नि चीज, मग मंद आचेवर झाकून तीन-चार मिनिटं. टोमॅटो चिरून मीठ लावून पाणी गाळून घेतलेले. पाणी राहिलं तर मधला भाग कच्चाच राहतो, दोष पिठाला येतो.

आणि फसलेलं पीठ फेकायचं नाही, हेही तुमचंच. ट्रेला सढळ तेल लावून त्यात ते थापायचं, बोटांनी खळगे पाडायचे, वर कांदा नि मीठ, 220 अंशांवर वीसेक मिनिटं. जाड, मऊ रोटी होते. ओढायची गरजच नसल्यामुळं कमजोर ग्लुटेन तिथं खपून जातं.

बेळगावात कोण कुठल्या भाषेचं ह्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. तुमची चिठ्ठी अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये होती, आणि ग्रॅमचे आकडे दोन्ही लिप्यांत लिहिले होते, घरात जो वाचेल त्याला कळावं म्हणून. फी घेतली नाहीत. फसलं तेव्हा ‘मैदा कुठला, फ्रिजात कितव्या कप्प्यात ठेवलंत’ असं विचारलंत, ‘तुम्हाला जमायचं नाही’ म्हणाला नाहीत. ज्याला खरंच येतं तो माणूस आपली हातोटी लपवत नाही. लपवतो तो बहुधा अर्ध्यावरचा. माणुसकी म्हणून जे काही म्हणतात ते मोठ्या प्रसंगांत दिसतं असं ऐकत आलोय, पण पाव किलो मैदा दुसऱ्यासाठी मुद्दाम नासवण्यातही ती दिसते, हे मात्र आता सांगू शकतो.

एका बाबतीत तुमच्याशी पटत नाही, तेही लिहून टाकतो. पिठात साखर नको हा तुमचा हट्ट तव्यापुरता मान्य. तव्यावर तळ साखरेनं लगेच काळा पडतो. पण ओटीजीत, स्टार्टर आठवड्याचा असताना, पिठातली साखर आंबवण्यातच संपलेली असते आणि कड पांढरीफटक राहते. तिथं 5 ग्रॅम साखर घातली की रंग येतो, चवीत कळतही नाही. तुम्ही एकदा करून बघा आणि रागावायचं असेल तर मग रागवा.

तुमच्या,
वडगाव-शहापूरच्या काही घरांतून